‘हौ’ची अडचण

तांत्रिक मदत केंद्राला छत्रपती संभाजीनगरातून लावलेला फोन बिघाडापर्यंत सहसा पोचतच नाही. तो पत्त्यावर अडतो. ‘एन-6’ म्हटले की पलीकडचा कर्मचारी ते मॉडेल म्हणून टिपून घेतो. सिडकोने वसाहतींना ही नावे दिली तेव्हा राउटर नव्हते, एवढे सिडकोच्या बाजूने म्हणता येईल. ‘टीव्ही सेंटर’ हा भाग सांगणाऱ्याला टीव्हीच्या तक्रारीचा वेगळा नंबर मिळतो. शहराचे नाव 2023 मध्ये बदलले; त्यामुळे यादीत ते ‘ए’खाली शोधायचे की ‘सी’खाली, यात आणखी पाच मिनिटे.

खरी गंमत दखनी बोलीची. या शहरात होकार म्हणजे ‘हौ’.

“राउटर बंद करून चालू केला का, सर?”

“हौ.”

कर्मचाऱ्याला ऐकू येतो इंग्रजी ‘हाउ’. तो सगळी कृती पहिल्यापासून सांगतो.

“समजलं, सर?”

“हौ.”

तो पुन्हा सुरू करतो, यावेळी जरा सावकाश.

“आता कोणता दिवा लागलाय?”

“एकपण नाही. लाईटच नाही ना सकाळपासून.”

तक्रार निकाली निघाल्याची नोंद होते आणि सेवेला गुण द्यायचा मेसेज येतो. तो लाईट नसतानाही पोचतो.