एक चाक, दोन चाकं आणि एक दांडा

युरोपात पर्यटकाचं वय जन्मतारखेवरून नव्हे, गुडघ्यांवरून ठरतं. सकाळी हॉटेलातून निघताना माणूस पन्नाशीचा असतो, दुसऱ्या संग्रहालयापाशी साठी ओलांडतो आणि ‘या मनोऱ्यावरून शहर फार सुंदर दिसतं, फक्त लिफ्ट नाहीये’ असं कुणी म्हणालं की थेट सहस्रचंद्रदर्शनाला पोचतो. बर्लिनमध्ये चढणी फारशा नाहीत. पण शहर इतकं ऐसपैस, की नकाशावर दोन बोटं दिसणारं अंतर चालायला घेतलं तर वाटेत जेवणाची वेळ होते.

आमचा भाचा तिथे नोकरी करतो. त्याच्यापाशी या दुखण्यावर उपाय होता.

“मामा, तुम्ही दोघं चालूच नका. स्वतःचा तोल स्वतः सांभाळणारी विजेची गाडी घ्या. हिला सीट नाही, ब्रेक नाही, ॲक्सिलरेटर नाही.”

“मग आहे काय?” हिने विचारलं.

“चाकं.”

“किती?”

“एक किंवा दोन. ते तुम्ही ठरवायचं.”

आमच्या घरात साधा पंखा घ्यायचा तरी तीन दुकानं होतात. इथे तर एका बाजूला दोन चाकं, दुसऱ्या बाजूला एक आणि मध्ये आमची हाडं. त्यामुळे आधी दोन, मग एक, असा उतरता क्रम ठरला.

दोन चाकांची म्हणजे सेगवे. एक पाट, त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक चाक आणि पाटातून वर आलेला कमरेएवढा दांडा. अमेरिकेतल्या डीन केमन नावाच्या संशोधकाने ३ डिसेंबर २००१ रोजी ती टीव्हीवरून जगासमोर आणली. त्याआधी वर्षभर नुसती कुजबुज चालली होती, की काहीतरी प्रचंड येतंय. घोडागाडीचं मोटारीने जे केलं तेच मोटारीचं ही गाडी करणार, असं खुद्द केमन यांना वाटत होतं. पुढे मोटार होती तिथेच राहिली. २०२० साली सेगवेचं उत्पादन थांबलं, तोवर साऱ्या जगात मिळून सुमारे एक लाख चाळीस हजार गाड्या विकल्या गेल्या होत्या. त्यांतल्या काही पोलिसांकडे गेल्या, काही मॉलच्या पहारेकऱ्यांकडे, आणि बऱ्याचशा आमच्यासारख्या गुडघ्यांकडे. मुंबई पोलिसांनीही २०२० साली समुद्रकाठच्या गस्तीसाठी याच जातीच्या दोनचाकी आणल्या.

फेरी सुरू व्हायच्या आधी मार्गदर्शक मुलीने आम्हाला एका मोकळ्या जागेत उभं केलं आणि नियम सांगितले. पुढे झुका, गाडी पुढे जाईल. मागे रेला, थांबेल. दांडा डावीकडे कलवा, डावीकडे वळेल. संपलं.

यामागची करामत ऐकायला सोपी आहे. तळहातावर काठी उभी तोलताना काठी जिकडे पडू लागते तिकडे आपण हात नेतो. इथे काठी म्हणजे आपण आणि हात म्हणजे चाकं. आत जायरोस्कोप असतात, ते सेकंदाला शंभरेक वेळा ‘हा माणूस किती कलला?’ हे मोजतात आणि मोटर तेवढीच चाकं पुढे ढकलून आपल्याला सावरते. म्हणजे सेगवेवर पुढे जाणं हे वास्तविक पुढे पडणंच असतं. फक्त ते कधी पूर्ण होऊ दिलं जात नाही.

मी चढलो आणि थरथरू लागलो. गाडी पुढे गेली म्हणून मी मागे रेललो, मी मागे रेललो म्हणून गाडी मागे आली, ती मागे आली म्हणून मी पुढे झुकलो. एकमेकांना सावरण्याचा हा कार्यक्रम दोन्ही बाजूंनी मनापासून चालला होता.

“तुम्ही काहीच करू नका,” मुलगी म्हणाली. “नुसते उभे राहा.”

‘अहो, नुसते उभे काय राहिलाय, काहीतरी करा’ हे ऐकत ज्याचा संसार झाला, त्याला ही सूचना पचायला वेळ लागतो. ही मात्र चढली आणि उभी राहिली. गाडीनेही हूं की चूं केलं नाही. गाडीला माणसाची पारख असते, एवढंच यावर मला म्हणता येईल.

मग आमची रांग निघाली. हेल्मेट घातलेली वयस्कर माणसं, ताठ पाठीने, पाय न हलवता सायकलींच्या पट्ट्यातून सरकताहेत. जर्मन सायकलस्वार घंटी वाजवत पुढे जायचे आणि वळून बघायचे. या गाडीचा वेग ताशी वीस किलोमीटरपर्यंत जातो. आमची मार्गदर्शिका तो त्याच्या जवळपासही जाऊ देत नव्हती, आणि तिचा निर्णय किती योग्य होता ते टीअरगार्टन नावाच्या बागेच्या कडेला कळलं. एक बाबागाडी अचानक वाटेत आली. मी ओरडलो. आता मराठी माणूस ओरडताना पुढे झुकतो. आवाज नुसता सोडून तो भागवत नाही, पोचवायला जातो. मी झुकलो तशी गाडीने वेग घेतला. जेवढा घाबरलो तेवढा झुकलो, जेवढा झुकलो तेवढा पळालो. शेवटी “मागे!” असं मार्गदर्शिका आणि ही एकाच वेळी, दोन भाषांत ओरडल्या आणि मी बाबागाडीपासून सभ्य अंतरावर थांबलो. बाळ हसलं. बाळाची आई हसली नाही.

माझं दुःख ऐकून रात्री भाच्याने दिलासा दिला. २००३ साली अमेरिकेचे अध्यक्ष जॉर्ज बुश सेगवेवर चढायला गेले आणि पलीकडे उतरले. २०१५ साली बीजिंगला जगातला सगळ्यात वेगवान माणूस, उसेन बोल्ट, दोनशे मीटर जिंकून प्रेक्षकांना अभिवादन करत चालला असताना सेगवेवरच्या कॅमेरामनने त्याला मागून आडवा केला. ज्याला धावून कुणी गाठू शकलं नाही, त्याला एका उभ्या माणसाने गाठलं. एवढ्या मोठ्या मंडळींच्या पंक्तीत बसायला मिळालं म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं.

त्या फेरीत आम्ही ब्रांडेनबुर्ग दरवाजाखाली थांबलो होतो. वर विजयदेवता रथातून चाललेली. रथ दोन चाकांचा, देवता उभी, हातात दांडा. “बघ, हिचं वाहनसुद्धा आपल्यासारखंच,” मी म्हणालो. “तिला चार घोडे आहेत,” ही म्हणाली, “आणि ती ओरडत नाहीये.” मार्गदर्शिकेने सांगितलं, की १८०६ साली नेपोलियनने हा अख्खा रथ काढून पॅरिसला नेला आणि १८१४ साली तो परत आला. परतल्यावर देवतेच्या हातातल्या दांड्याला लोखंडी क्रूस आणि गरुड बसवले. एवढा प्रवास झाला, पण तिने दांडा काही सोडला नाही. याचं महत्त्व मला दुसऱ्या दिवशी कळलं.

दुसऱ्या दिवशी एक चाक.

एकचाकी विजेची गाडी म्हणजे उभं धरलेलं एक जाड चाक, त्यावर प्लॅस्टिकचं कवच आणि दोन्ही बाजूंना पाय ठेवायला घडीच्या पट्ट्या. चाक दोन पोटऱ्यांच्या मध्ये येतं. शेन चेन या चिनी वंशाच्या अमेरिकी संशोधकाने २०११ साली ‘सोलोव्हील’ नावाने ही जात बाजारात आणली आणि मग चिनी कारखान्यांनी तिची मोठमोठी भावंडं काढली. भाच्याकडे त्यांतलंच एक धाकटं होतं. त्याच्या मित्राच्या बंदिस्त, खासगी अंगणात आम्हाला नेण्यात आलं.

“रस्त्यावर का नाही?” मी विचारलं.

“कायद्यात बसत नाही.”

मग त्याने कायदा सांगितला. १५ जून २०१९ पासून जर्मनीत अशा छोट्या विजेच्या वाहनांचा कायदा आहे. वेग ताशी सहा ते वीस किलोमीटर, वय किमान चौदा, विम्याचं स्टिकर सक्तीचं. मोटर पाचशे वॉटपर्यंत; पण तोल सांभाळणारी गाडी असेल तर चौदाशे वॉटही चालतील, मात्र त्यातले किमान साठ टक्के तोल सांभाळण्यासाठीच खर्च व्हायला हवेत. (पगारातले साठ टक्के घराचा तोल सांभाळण्यात गेले तर बाकी चैनीला मोकळे, असं आम्हाला कुठल्याही सरकारने सांगितलेलं नाही.) आणि शेवटची अट : गाडीला सीट नसेल तर धरायला किमान सत्तर सेंटिमीटरचा दांडा पाहिजे.

“हिला दांडा नाही?”

“आहे की!” भाच्याने कवचातून एक दांडा वर ओढला. “पण हा खाली उतरल्यावर बॅगेसारखं ओढत न्यायला.”

“म्हणजे,” ही म्हणाली, “चाकावर असताना दांडा नाही, आणि दांडा असताना चाकावर नाही.” जर्मन सरकारने जे कलमांत मांडलं ते हिने एका वाक्यात बसवलं.

आता सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट. ही गाडी स्वतःचा तोल सांभाळते, पण अर्धाच. पुढे-मागे ती बघते, डावं-उजवं तुमच्याकडे. सायकलप्रमाणे वेग घेतल्यावरच ती कडेला पडायची थांबते. त्यामुळे हळू चालवून शिकू म्हणणारा माणूस हमखास पडतो आणि घाबरून वेग वाढवणारा वाचतो. सेगवेचं शास्त्र इथे नेमकं उलटं! शिवाय फार पुढे झुकलात तर एका मर्यादेनंतर मोटर हात टेकते. त्याआधी ती शिटी वाजवते, पट्ट्यांची पुढची बाजू वर उचलून तुम्हाला मागे लोटते. तरीही ऐकलं नाहीत तर मात्र ती थांबते आणि तुम्ही पुढे जाता.

हेल्मेट, मनगटाला पट्टे, गुडघ्यांना वाट्या, एवढं चढवून मी एक पाय पट्टीवर ठेवला. दुसरा पाय जमीन सोडायला तयार होईना.

“कर्णाच्या रथाचं एक चाक रुतलं, तेव्हा काय झालं आठवतंय ना?” ही खुर्चीत बसून म्हणाली.

“सूर्याच्या रथाला मुळातच एक चाक आहे,” मी बाणेदारपणे म्हणालो. “इतकी युगं चाललाय, कधी पडला?”

“त्याचा सारथी अरुण. त्याला पाय नाहीत,” ती म्हणाली. “का नाहीत ते आज कळलं.”

मी दोन्ही हातांनी भिंत धरली आणि भिंतीच्या कडेने सरकू लागलो. बर्लिनला आलेल्या प्रत्येकाला भिंत पाहिली का म्हणून विचारतात. मी नुसती पाहिली नाही, कवटाळली. ज्या शहराने १९८९ साली भिंत पाडून जगाची वाहवा मिळवली, तिथे एक तरी भिंत शाबूत ठेवल्याबद्दल मी त्या मित्राचा ऋणी आहे. भिंत संपली की मी उतरायचो, आणि बहुधा उभाच उतरायचो. पाय शिकतात, चाकही समजूतदार असतं. अडचण होते ती हातांची. इतकी वर्षं त्यांनी काही ना काही धरलेलं असतं. त्यांना एकाएकी मोकळं सोडलं की ते हवेत काहीतरी शोधत फिरतात, आणि ते जिकडे जातात तिकडे उरलेला मामा जातो.

पुढे आम्ही पॅरिसला गेलो. बर्लिनहून थेट रेल्वे आहे, आठेक तासांची. विजयदेवतेला खोक्यात बसून याहून बरेच दिवस लागले असणार. आणि पॅरिसमध्ये एकचाकीचं राज्य दिसलं. फ्रेंच कायदा दांडा मागत नाही. २०१९ च्या नियमांप्रमाणे एकचाकी आणि दोनचाकी एकाच पंगतीत : ताशी पंचवीसची मर्यादा, सायकलींचा पट्टा वापरा, फुटपाथवर आलात तर १३५ युरो दंड. भाड्याच्या विजेच्या स्कूटर मात्र पॅरिसकरांनी एप्रिल २०२३ मध्ये मतदान घेऊन शहराबाहेर काढल्या. आलेल्यांपैकी जवळजवळ नव्वद टक्के मतं विरोधात. मतदानाला आले मात्र शंभरात सात-आठ. सोसायटीच्या वार्षिक सभेचा अनुभव असलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही.

रू द रिव्होली या रस्त्याच्या कडेला आम्ही बसलो. समोरून सायकलींच्या लोंढ्यात एकचाकीवाले येत होते. कुणी मोटारसायकलचं चिलखत घालून, कुणी सुटाबुटात, ऑफिसची बॅग पाठीला लावून. एक गृहस्थ तर कोटाच्या दोन्ही खिशांत हात घालून उभ्याउभ्या निघून गेले. चेहऱ्यावर जिना उतरतानाची देखील काळजी नव्हती. सिग्नलला त्यांनी एक पाय खाली टेकला, हिरवा झाला तसा उचलला, आणि गेले. मला हेवा वाटला तो चाकाचा नाही, त्या खिशांचा.

तिथून पाच मिनिटांवर, लूव्रच्या अंगणातल्या कमानीवर आणखी एक चार घोड्यांचा रथ आहे. त्यावरची देवी शांतीची. आम्ही तिच्याखाली बसून हिशेब मांडला. सेगवेचं वजन सत्तेचाळीस किलो, म्हणजे घरात आणली की ती तळमजल्यावर राहणार आणि आम्ही तिसऱ्या. एकचाकी त्या मानाने हलकी. हातात उचलून जिना चढता येतो. सेगवेवर वळताना शहर दिसतं, कारण गाडी तुमचं सगळं बघते. एकचाकीवर नवशिक्याला फक्त पुढचे दोन मीटर दिसतात आणि त्यातही खड्डेच. सेगवेवर माणूस पाहुणा दिसतो. एकचाकीवर तो त्या गावचा दिसतो, किंवा त्या गावच्या दवाखान्यातला. आणि दोन्हींपैकी काहीही विकत घेतलं तरी विमानात चढवता येणार नाही, कारण १६० वॉट-तासांवरची लिथियम बॅटरी प्रवाशाला नेता येत नाही आणि या गाड्यांच्या बॅटऱ्या बहुधा त्याहून मोठ्या असतात.

संध्याकाळी भाच्याचा फोन आला. “मामा, मग काय ठरलं? एक की दोन?”

हिने फोन घेतला. “दोन चाकं भाड्याने घ्यावीत आणि एक चाक दुसऱ्याचं बघावं. आणि काय रे, ते चाक चालवताना तू हेल्मेट घालतोस ना?”

“मामी, इथे कायद्याने सक्ती नाहीये.”

“कायद्याचं राहू दे. तुझ्या आईला फोन लावू का?”