पाणसळवाले दातुस

सेवानिवृत्त इंजिनिअर कुठल्याही देशातला असो, एका खुणेवरून हमखास ओळखू येतो. त्याच्याकडे पत्र असतं. पूल खचो, भिंत कलो, नळाला पाणी न येवो. तो न बोलता कपाटाकडे जातो, दोरी बांधलेली फाईल काढतो आणि जावक क्रमांकासकट पत्र समोर ठेवतो. "आम्ही तेव्हाच कळवलं होतं." या कुळाचा मूळपुरुष मला सापडला तो थेट उत्तर आफ्रिकेत, दुसऱ्या शतकात. त्याच्या वेळी फाईल नव्हती, म्हणून त्याने आपली पत्रं दगडावर कोरून घेतली.

नाव नोनियस दातुस. हुद्दा 'लिब्रातोर', म्हणजे आपल्या गवंड्यांच्या भाषेत पाणसळवाला. नोकरी रोमच्या तिसऱ्या ऑगस्टा लीजनमध्ये, मुक्काम लांबेसिसच्या छावणीत.

पाणसळ म्हणून नाक मुरडू नका. रोमन कालवा म्हटलं की लोक कमानींचे फोटो काढतात, पण कमानी हा नुसता दिखाऊ भाग. कालव्याचा जीव उतारात. फ्रान्समधल्या नीमचा कालवा पन्नास किलोमीटर डोंगरदऱ्यांतून वळणं घेत येतो आणि एवढ्या वाटेत उतरतो साडेबारा मीटर. म्हणजे किलोमीटरला जेमतेम वीतभर. हे साधायचं कशाने, तर वित्रुवियसने वर्णन केलेल्या वीस फुटी लाकडी घोडीने. तिला ओळंबे लटकवलेले, आणि वाऱ्याने ओळंबे हलू लागले तर माथ्यावर कोरलेल्या पन्हळीत पाणी ओतून बघायचं. असल्या सामग्रीवर जो माणूस वीतभराचा हिशेब सांभाळतो, त्याला घरात कोणी तिरकी टांगलेली तसबीर सहन होत नसणार.

तर सालदाए गावाला, म्हणजे आजच्या अल्जीरियातल्या बेजायाला, पाणी हवं होतं. झरा लांब आणि मध्ये डोंगर. दातुसने मोजणी केली, नकाशा काढून अधिकारी पेत्रोनियस केलेर यांच्या हाती दिला, डोंगराच्या पाठीवरून पूर्व-पश्चिम खुंट्यांची सरळ रेघ आखली. दोन टोळ्यांनी दोन तोंडांनी खणत यायचं आणि पोटात भेटायचं. 428 मीटरचा बोगदा. मग तो आजारी पडला. वरिष्ठांनी लिहिलं की काम मोठं आहे आणि दातुसच्या देखरेखीशिवाय ते पुरं व्हायचं नाही. ते पत्रही दगडावर आहे. असणारच. असा दाखला कोण वाया घालवेल?

पुढे तो निवृत्त झाला. आणि इ.स. 152च्या सुमारास सालदाएहून लांबेसिसच्या सेनापतीला वारियस क्लेमेन्स साहेबांचं पत्र: तुमच्याकडचा तो निवृत्त दातुस जरा पाठवा. या पत्राची प्रत्येक निवृत्त माणूस मरेपर्यंत वाट बघतो. दातुस निघाला. वाटेत दरोडेखोरांनी गाठलं, मारलं, अंगावरचे कपडे काढून घेतले. उघडावाघडा, जखमी, सोबत्यांसह कसाबसा निसटला, तरी माघारी फिरला नाही. हा प्रसंगही त्याने कोरून ठेवलाय. प्रवासभत्ता मिळाला की नाही, ते मात्र कोरलेलं नाही.

सालदाएला पोचल्यावर क्लेमेन्स साहेब स्वतः त्याला डोंगराशी घेऊन गेले. तिथे रडारड चालली होती. बोगदा सोडून द्यावा म्हणत होते, कारण खणून झालेली लांबी डोंगराच्या रुंदीपेक्षा जास्त भरली होती आणि टोळ्यांची भेट काही होत नव्हती! वरची टोळी उजव्या हाताला दक्षिणेकडे सरकली, खालचीही तिच्या उजव्या हाताला, म्हणजे उत्तरेकडे. समोरासमोरून येणारे दोघेही उजवे निघाले आणि अंधारात चुकामूक झाली. डोक्यावर डोंगरभर खुंट्या जशाच्या तशा उभ्या. त्यांच्याकडे बघायला कोणाला सवड झाली नव्हती.

इथे दातुस कथा थांबवून वाचकाला समजावतो की वरचं तोंड म्हणजे जिथून पाणी आत शिरतं ते आणि खालचं म्हणजे जिथून बाहेर पडतं ते, म्हणजे घोटाळा नको. दगड कोरणाऱ्याच्या छिनीखाली पानभर मजकूर, हात दुखतोय, आणि याला तळटीप हवी! या एका वाक्यावर मी या माणसावर फिदा आहे. गेल्या वेळी त्याने आखून दिलेली रेघ कोणी वाचली नव्हती, आता तो वाचणाऱ्यावर तसूभर विश्वास टाकायला तयार नाही.

पण रडणाऱ्यांवर तो ओरडल्याचं कुठे दिसत नाही. त्याने कामाची वाटणी केली. एकीकडे आरमाराचे खलाशी, दुसरीकडे गायसाती म्हणवणारे डोंगरी शिपाई, आणि लावली पैज. शर्यत म्हटल्यावर दोन्ही टोळ्या चेवाने खणू लागल्या आणि डोंगराच्या पोटात एकमेकांना भेटल्या. पाणी सुटलं. उद्घाटन अर्थातच क्लेमेन्स साहेबांनी केलं. दातुसने तेही लिहिलंय, पण त्याच्या आधी लिहिलंय की पहिली पाणसळ मी धरली, मार्ग मी आखला, काम मी पुरं केलं.

कोणाला हा आगाऊपणा वाटेल. मला वाटत नाही. रोमच्या पँथिऑनवर अग्रिप्पाचं नाव आहे; आज उभी असलेली इमारत हेड्रियनच्या काळात पुरी झाली, आणि तो घुमट कोणी रचला ते कोणालाच ठाऊक नाही. सगळ्या साम्राज्यात बादशहांची नावं ढिगाने सापडतात, पाणसळ धरणाऱ्यांची हाताच्या बोटांवर. या गड्याने आपली कैफियत कोरली आणि वर तीन स्त्रियांचे मुखवटे काढून खाली नावं घातली: सहनशीलता, हिंमत, आशा. सरकारी बांधकामाचा अनुभव असलेल्यांना हा क्रमही पटेल.

ती शिळा 19व्या शतकात लांबेसिसला सापडली. आता ती बेजायात आहे, नगरपालिकेच्या दारासमोर.