एक पान वाढीव

लग्न ठरलं की प्रत्येक घरात एक मामा आपोआप नेमला जातो. नवरीच्या मागं उभा राहतो तो मामा वेगळा. हा कुणाचाही मामा असतो, एखाद्या घरात तर ती आत्याही असते. पत्रिकेत त्याचं नाव बारीक अक्षरात खालून तिसऱ्या ओळीत, पण पानं किती उठणार ते फक्त त्यालाच ठाऊक.

आमचे मामा एसटीत वाहतूक नियंत्रक होते. "गाडी लागतेय" एवढंच त्यांनी जन्मभर सांगितलं. किती वाजता, ते कधीच नाही. निवृत्तीनंतर ही विद्या लग्नकार्यात कामी आली.

गावाकडं चूलबंद आवतण असायचं. पाहुण्याचा पाहुणा पंगतीत बसला तरी कुणी ढुंकून बघत नसे, आमटीत तांब्याभर पाणी वाढायचं. पुण्याच्या कार्यालयात केटरर ताटं मोजतो, आणि एका ताटाचा भाव ऐकून भरलं वांगं घशातच अडकतं. तरीही पत्रिकेवर आपण 'सहकुटुंब सहपरिवार' छापतोच. परिवारात कोण कोण, ते मग ज्याचं तो ठरवतो. यंदा नवरीनं हौसेनं गूगल फॉर्म धाडला : किती जण येणार? एका काकांनी 'बघू' असं लिहिलं, दुसऱ्यांनी नुसतेच हात जोडले. फॉर्म मिटला आणि मामांचा फोन वाजायला लागला.

"मामा, शेजारच्या काकू एकट्याच असतात हो. बरोबर आणल्या तर चालेल ना?"

"चालेल? पळेल! फक्त वहिनी, गाडी पहाटे साडेपाचला सुटते. त्यांना शुगर आहे ना? जेवणं काही दोनच्या आत होत नाहीत. विचारून बघा बाई एकदा."

दुसऱ्या दिवशी काकूंचं परस्पर रद्द झालं. गाडी प्रत्यक्षात आठला सुटली, ते सोडा. मामांनी आजवर कुणालाही 'नको' म्हटलेलं नाही, असं सगळेच सांगतात, काकूसुद्धा.

उलट नांदेडच्या मावशींनी काहीच विचारलं नव्हतं. मामांनी आपणहून फोन केला, "रात्रीचा प्रवास आहे, एकट्या येऊ नका. नातवाला आणा, त्याचं पान धरलंय." कुणाला सोबत लागते आणि कुणाला नुसती मिरवायला हवी असते, हे त्यांना आवाजावरूनच कळतं. हे मात्र मी मानतो.

"पोरांचं अर्धं पान धरा की," असं कुणी म्हटलं की त्यांच्यातला कंट्रोलर जागा होतो. "एसटीत पाच ते बारा अर्धं, २०२३ पासून बायकांनाही अर्धं, पंचाहत्तरीपुढं फुकट. केटरर महामंडळाचा नाही!" शिवाय गुलाबजाम पोरंच जास्त संपवतात, हा त्यांचा अनुभव.

एप्रिल २०२१ मध्ये सरकारनंच हुकूम काढला : लग्नाला २५ माणसं, २ तासांत कार्य उरका. लोकांना वाटलं, मामा सुटले. मामा तर पार कोमेजले. नकार सरकार द्यायला लागल्यावर मामांना विचारतो कोण!

यंदा खरी कसोटी भाचीनं पाहिली. "मामा, माझा एक मित्र येईल."

"मित्र?"

"मित्रच."

मामा क्षणभर गप्प. शेजारच्या काकूंची युक्ती इथं चालणार नव्हती. हा गडी पहाटे साडेपाचला अंघोळ करून गाडीपाशी उभा राहिला असता. यादीत नाव घालावं, तर यादी आत्यांच्या हाती पडणार. मामांनी वही उघडली, भटजी, बँडवाले, ड्रायव्हर यांची पानं मोजली आणि 'फोटोवाल्याची माणसं : ३' यातल्या तिनाचे चार केले.

लग्नात पोरगा फोटोवाल्यांजवळच घुटमळत राहिला. थोरल्या आत्यांनी त्याला हाक मारून चार ग्रुप फोटो काढून घेतले, पाचव्यात लाइट नीट येत नाही म्हणून दटावलंही. मग मठ्ठ्याचा ग्लास हातात धरून त्या मामांपाशी आल्या.

"तो फोटोवाला पोरगा चांगल्या घरचा दिसतो हो. आपल्या भाचीसाठी विचारायचं का?"