हाई तं मना घर शे!

शिरपुरात कुठलंही नवं दुकान उघडलं की आप्पा पहिल्याच आठवड्यात तिथे जाऊन येतात. काही घ्यायला नाही. दुकानातली वस्तू आपल्या घरी आधीपासून आहे, याची खात्री करायला. वस्तू न्याहाळून ते अहिराणीत निकाल देतात, "हाई तं मना घर शे." मसाजच्या खुर्चीबद्दलही त्यांनी हेच सांगितलं. घरी खुर्ची नाही, पण पाठ तुडवणारा नातू आहे. आप्पांना तेवढं पुरतं.

त्यांचा जन्म जिनिंगवर कापसाची प्रत ठरवण्यात गेला. चिमूटभर कापूस ओढून तंतूची लांबी सांगणारी ती बोटं अजून निवृत्त झालेली नाहीत. लग्नात कुणी भेटलं तर हात मिळवण्याआधी आप्पा त्याची बाही चोळून बघतात. "सदुसष्ट-तेहेतीस" असं पुटपुटले की समजायचं, पाहुण्याचा शर्ट टेरिकॉटचा आहे.

त्यामुळे करवंद नाक्याकडे कॉलेजच्या पोरांसाठी जुन्या फॅशनच्या कपड्यांचं दुकान निघालं, तेव्हा आप्पांना अडवणं अशक्य होतं. भांडण झालंच तर मिटवायला कुणीतरी हवं, म्हणून मी सोबत गेलो.

आत बेलबॉटम, सफारी, रुंद कॉलरचे शर्ट, १९७३ च्या 'बॉबी'नंतर गावोगाव पोचलेली ठिपक्यांची कापडं. जुने वर्गमित्र भेटावेत तसे आप्पा एकेका हँगरला भेटत गेले. एका बेलबॉटमवर बाराशेची चिठ्ठी होती.

"वापरेल शे?"

"हो काका, म्हणूनच तर ही किंमत," दुकानातला मुलगा म्हणाला.

चिठ्ठीवर 'शुद्ध सुती' असंही लिहिलं होतं. आप्पांनी शिवणीच्या आतून कापडाचा एक धागा ओढला आणि काडेपेटी मागितली. धागा आकसला, टोकाला काळा कडक मणी झाला. "सुती असता तर कागद जळाल्यासारखा वास आला असता, राख झाली असती. हाई टेरिलीन शे!"

मग टेरिलीनचं पुराण सुरू झालं. रात्री धुतलं की सकाळी वाळलेलं, इस्त्रीची गरज नाही. कापूस पिकवणाऱ्या मुलखात सुती शर्ट गरिबीची खूण ठरला आणि मे महिन्यात, पारा चव्वेचाळीसवर असताना, नवरदेव टेरिलीनमध्ये शिजत उभे राहू लागले. आप्पाही असेच उभे राहिले होते. त्याचा त्यांना अजून अभिमान आहे.

डेनिमची जाकिटं परदेशातून आलेली होती. मुलाने सांगितलं, तिकडचे वापरलेले कपडे गाठींनी कांडल्याला उतरतात. तिथे निवड होते, लोकरीचं पानिपतला जाऊन त्याची ब्लँकेटं होतात. आप्पा गंभीर झाले. "१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी लागली, तेव्हा आपला खानदेशचा कापूस मँचेस्टरला गेला. त्याच्या बदल्यात आता हे?" एवढ्या जुन्या उधारीचा जाब विचारायला त्यांना नेमका हा पोरगा सापडला होता.

पोरगा मात्र हुशार. "काका, तुमच्या घरी आहे म्हणता ना? आणा. बेलबॉटमला चारशे देतो."

घरी येईपर्यंत आप्पा जुन्या कपड्यांच्या ट्रंकेची किंमत मांडत होते. ओसरीवरूनच त्यांनी काकूंना चावी मागितली. काकू तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "तठलं बठ्ठं कव्हयनंच बोहारीनले दी टाकं."

सुती होतं त्याची त्याआधीच गोधडी झाली होती. आप्पा रोज दुपारी तिच्यावरच झोपतात. टेरिलीन कधी फाटलंच नाही, म्हणून ते बोहारणीला गेलं. बदल्यात एक स्टीलचं पातेलं आलं. घासाघीस करून काकूंनी वर झाकणही मिळवलं होतं.

दुसऱ्या दिवशी आप्पा ते पातेलं झाकणासकट घेऊन दुकानात हजर. मुलाने हात जोडले. "काका, आपण भांडी घेत नाही."

"भांडं कोन इकी ऱ्हायना?" आप्पा म्हणाले. "हाई मनी बेलबॉटम शे. काढ चारशे!"