बंड्याची मावसबहीण

बंड्याला नातेवाइकांचं प्रेम असं कधीच नव्हतं. सख्ख्या काकांच्या सहस्रचंद्रदर्शनाला तो ‘ऑडिट चालू आहे’ म्हणून गेला नाही. महिना ऑगस्टचा होता आणि बंड्या औषधकंपनीच्या विक्री विभागात आहे. पण कॅनडाला जायचं ठरलं, मॅनिटोबा प्रांताचे नियम त्याने वाचले आणि त्याच्यातला कुटुंबवत्सल पुरुष खडबडून जागा झाला.

अर्जदारांची क्रमवारी लावताना प्रांतात जवळचा नातलग असला तर २०० गुण, नुसता मित्र असला तर ५०. नातलग दुसऱ्याच प्रांतात आणि मॅनिटोबात कुणीच नाही, तर उलट १०० वजा. बंड्याचा आतेभाऊ टोरंटोला, म्हणजे ऑन्टारिओत. ज्याच्या जिवावर बंड्याने इतकी वर्षं ऑफिसात भाव खाल्ला, तो आतेभाऊ एका रात्रीत वजा शंभर झाला.

मग आईला आठवलं, मावशीची थोरली विनिपेगला असते. लहानपणी तिच्या सायकलची हवा सोडायचा, त्यापलीकडे बंड्याचा तिच्याशी संबंध नव्हता. त्या दिवाळीत चकल्या विनिपेगला गेल्या आणि कुरिअरची पावती फाइलला लागली. टोरंटोला पणतीचा फोटो फॉरवर्ड झाला.

खरी पंचाईत पुढेच होती. ती मावसबहीण ठरायची, तर आधी आई आणि मावशी बहिणी ठरायला हव्यात. जन्मदाखले कुणाचेच नाहीत. शाळेत घालताना गुरुजींनी दोघींची जन्मतारीख १ जून १९५३ लिहिलेली. त्यामुळे चार वर्षांचं अंतर असलेल्या बहिणी कागदावर जुळ्या. त्यात लग्नात दोघींची नावं बदललेली, म्हणजे शाळेतल्या मुली आणि आधार कार्डावरच्या बायका एकमेकींना ओळख दाखवेनात.

“मी माझ्या बहिणीची बहीण आहे, हे आता शपथेवर सांगू?” आई भडकली. “मामाने हक्कसोडपत्रावर सह्या घेतल्या, तेव्हा बरा कुणी पुरावा मागितला नाही!”

बंड्या ताडकन उठला. “हक्कसोडपत्र! त्यात दोघींची नावं असतील!”

होतीच. वडिलांचं नाव, दोन्ही मुली, सासरच्या नावांसकट, सब-रजिस्ट्रारच्या शिक्क्याखाली. बंड्याने गावी जाऊन तलाठ्याकडून फेरफाराचा उताराही काढला. जमीन गेल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा पाहिलेला नाही.

विनिपेगच का, हेही अर्जात लिहायचं होतं. महाबळेश्वरला मे महिन्यात कानटोपी घालणाऱ्या बंड्याने ‘मला थंडी मानवते’ असं लिहिलं आणि पुराव्यादाखल कानटोपीतलाच फोटो जोडला.

फाइल बांधून तयार झाली आणि ग्रुपवर मावसबहिणीचा मेसेज आला, ह्यांना कॅल्गरीत नोकरी लागली, जूनमध्ये हलतोय. कॅल्गरी अल्बर्टात. सगळ्यांनी पेढे-पुष्पगुच्छांची चित्रं टाकली. बंड्याने थेट फोन लावला.

“ताई, तू कशाला हलतेस? मुलांची शाळा, तुझी नोकरी... भावोजी करतील की शनिवार-रविवार जाऊन-येऊन. जेमतेम तेराशे किलोमीटर तर आहे!”