उशिरा बोलेल, असं कोण म्हणालं?

मूल दोन वर्षांचं झालं. पाठीमागून हाक मारली तर वळत नाही, ‘आई’ म्हणत नाही. आजी म्हणते, ह्याचा बाप बी उशिराच बोलला. काका म्हणतात, पोरींपेक्षा पोरं उशिराच बोलतात. शेजारीण मध चाटवायला सांगते. सगळ्यांना विचारून होतं, कान-नाक-घसा तज्ज्ञाला विचारायचं तेवढं राहतं. तोवर पोर चार वर्षांचं होतं.

मला राग येतो तो या वाया गेलेल्या दोन वर्षांचा. भाषा, मग ती बोलीची असो की खुणांची, रुजते ती पहिल्या तीन-चार वर्षांत. जन्मतः ऐकू न येणाऱ्या मुलाला कॉक्लिअर इम्प्लांट बसवायचं तर जितकं लवकर तितकं बरं. पाचाच्या पुढे त्याचा फायदा झपाट्याने ओसरतो. म्हणून जगभर एक साधा हिशोब सांगतात: जन्मानंतर 1 महिन्याच्या आत कानांची तपासणी, 3 महिन्यांच्या आत निदान, 6 महिन्यांच्या आत उपचार सुरू. आपल्याकडे बाळाचं वजन, लशी, बारसं सगळं वेळेवर होतं. कानांची तारीख मात्र कुणाच्याच लक्षात नसते.

आपल्या छत्रपती संभाजीनगरला कान-नाक-घशाचे, म्हणजे ईएनटी डॉक्टर ठाऊक नाहीत असं कसं म्हणू? 2021 चा उन्हाळा आठवा. करोनातून उठलेल्या माणसांच्या नाकात, सायनसमध्ये काळी बुरशी शिरली होती. अॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी नातेवाईक दारोदार फिरत होते, आणि नाकात दुर्बीण घालून बुरशी खरवडून काढणारे हेच सर्जन होते. त्या मे महिन्यात सरकारने हा आजार महात्मा फुले जनआरोग्य योजनेत घेतला. तेव्हा ‘चांगला ईएनटी कोण?’ हे घराघरात विचारलं जात होतं. बुरशी ओसरली आणि तो प्रश्नही ओसरला.

आता पुन्हा कान फुटला की कोमट तेलात लसणाची पाकळी. पडद्याला भोक असेल तर ते तेल थेट मधल्या कानात उतरतं, हे बाटली हातात घेणाऱ्याला कोण सांगणार? पोराने घड्याळाचा बटण सेल नाकात घातला तर काही तासांत आतली कातडी जळते. तिथे उद्या सकाळपर्यंत थांबायचं नसतं. गुटखा खाणाऱ्याचा आवाज तीन आठवडे बसलेला असेल तर खडीसाखर पुरे, घसा दाखवा.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत आहे. सकाळी उठल्यावर एका कानाने अचानक ऐकू येईनासं झालं, तर ‘मळ असेल’ म्हणून आठवडा घालवू नका. कानाची नस दुखावली असू शकते. स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त, दोन आठवड्यांनंतर फारसा उरत नाही.

मग चांगला ईएनटी शोधायचा कसा? औरंगपुऱ्यापासून सिडकोपर्यंत पाट्यांना तोटा नाही. पाटीवर एम.एस. (ईएनटी), डीएनबी किंवा डीएलओ आहे का ते वाचा. नोंदणी क्रमांक पाहा, तो महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तपासता येतो. ऑडिओमेट्री म्हणजे ऐकण्याची मोजणी इथेच होते का, लहान मुलाच्या ऐकण्याच्या नसेची बेरा तपासणी कुठे होते, हे फोनवरच विचारा. कानाच्या मशीनच्या दुकानात मोफत तपासणी असते म्हणून तिथूनच सुरुवात करू नका. ऐकू न येण्याचं कारण मळ किंवा पडद्यामागचं पाणी असेल, तर आधी डॉक्टर लागतो, मशीन नाही. पैसे नसतील तर घाटी, म्हणजे सरकारी रुग्णालय आहे. 1956 पासून अख्ख्या मराठवाड्याचं दुखणं ती अंगावर घेते आहे. अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं, त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. ऐकण्याची शंका सांगा आणि पुढे पाठवायची चिठ्ठी मागून घ्या.

बेरा तपासणीला मूल गाढ झोपलेलं लागतं. म्हणून आदल्या रात्री त्याला उशिरापर्यंत जागवायला सांगतात. सिल्लोडहून पहाटेच्या एसटीत बसलेली आई डोळे मिटू पाहणाऱ्या पोराला परत परत उठवत असते. हाक मारून उपयोग नाही, म्हणून गालाला हात लावून, तळपायाला गुदगुल्या करून. फुलंब्री जातं, हर्सूल येतं. पोर चार वर्षांचं आहे, आता मांडीत मावतही नाही.