गळ्यात पडलेला कॅमेरा

माणसाला एखादा छंद असावा असं सगळेच सांगतात, पण त्या छंदाचं वजन किती असावं हे कोणी सांगत नाही. माझा छंद म्हणजे एक जुना डीएसएलआर, त्याच्यावरची भलीमोठी लेन्स आणि दोघांना पेलणारा ट्रायपॉड. हे सगळं गळ्यात-खांद्यावर अडकवून मी सिंहगड व्हॅलीत स्वर्गीय नर्तकाची वाट बघत इतक्या रविवारी उभा राहिलो, की अखेर तो नेमका डोक्यावरच्या फांदीवर येऊन बसला तेव्हा माझी मानच वर होईना. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून विचारलं, "ओझी उचलायचं काम करता का?" मी म्हणालो, "नाही, पक्ष्यांचे फोटो काढतो." त्यांनी समजुतीने मान डोलावली. त्यांची डोलत होती.

तेव्हा छोटासा मिररलेस कॅमेरा घ्यायचा निर्णय खरं तर माझ्या मणक्यांनी घेतला. पण घरात कोणताही निर्णय एकट्याच्या मणक्यांवर होत नाही. मला वाघ आणि पक्षी हवे होते. हिला हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्याचा भिंतभर फोटो हवा होता, कारण दिवाणखान्याच्या भिंतीला ओल येऊन पोपडे निघालेत. लेकीला फोर-के व्हिडिओ हवा होता, कशाचा ते तिचं अजून ठरायचं होतं. असं हे तीन पक्षांचं सरकार, आणि त्याचा किमान समान कार्यक्रम एवढाच, की कॅमेरा पिशवीत मावला पाहिजे आणि बाबांनी तो स्वतः उचलला पाहिजे.

दुकानातल्या पोराने काउंटरवर कॅमेरा ठेवला आणि मी विरघळलोच. तळहातावर मावणारा, बॅटरीसकट पाचशे ग्रॅमच्या आत. आतला आरसा काढून टाकल्यामुळे म्हणे कॅमेऱ्याचं पोट एवढं सपाट झालं. मी लगेच माझं पोट आत घेतलं आणि विचारलं, "पण वाघ लांब असला तर?" त्याने खालच्या कप्प्यातून 200 ते 600 मिलीमीटरची लेन्स काढली आणि पुढे जोडली. आता कॅमेरा दिसेनासाच झाला. आरसा गेला तरी उजेडाचं गणित काही गेलेलं नाही, हे मला तिथे समजलं. 600 मिलीमीटरच्या लेन्सचं तोंड एफ 6.3 पर्यंत उघडायचं तर 600 ला 6.3 ने भागायचं, म्हणजे 95 मिलीमीटर रुंदीची काच लागणार, मग मागे कॅमेरा कितीही नाजूक असो. सोनीच्या त्या लेन्सचं वजन 2 किलो 115 ग्रॅम.

हे वजन झेपेल का, हे पैसे भरण्याआधी बघावं म्हणून मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर तेवढे कांदे मोजून घेतले, पिशवीत भरले, पिशवी गळ्यात अडकवली आणि तळजाई टेकडी चढायला घेतली. मधूनमधून थांबून, पिशवी दोन्ही हातांनी डोळ्यांपर्यंत उचलून, झाडावर नेम धरून, श्वास रोखून दहापर्यंत मोजत होतो. रोज फिरायला येणारे शेजारचे काका बराच वेळ लांबून बघत होते. जवळ येऊन हळूच म्हणाले, "घरी सगळं ठीक आहे ना?"

दोन किलोचा बेत कांद्यांबरोबर घरी परतला. मग मी सेन्सरच्या अभ्यासाला लागलो. लग्नपत्रिकांच्या जाड कागदाचे मापात तुकडे कापले. फुल फ्रेम 36 बाय 24 मिलीमीटर, एपीएस-सी साधारण 23.5 बाय 15.6, मायक्रो फोर थर्ड्स 17.3 बाय 13. तिन्ही जेवणाच्या टेबलावर ओळीने मांडले आणि पोहे खायला आलेल्या मेहुण्याला समजावलं, की मोठ्या सेन्सरवर उजेड जास्त पडतो, त्यामुळे संध्याकाळी कोकणकड्यावरून उजळ आभाळ आणि काळोखी दरी दोन्ही नीट येतात. उलट लहान सेन्सर लेन्समधल्या चित्राचा मधलाच भाग उचलतो, म्हणून मायक्रो फोर थर्ड्सवर 300 ची लेन्स 600 चं काम करते आणि वाघ फुकटात जवळ येतो. थोडक्यात, कड्याला मोठा सेन्सर हवा आणि वाघाला लहान. "मग मधला घ्या," असं म्हणून मेहुण्याने पिळलेली लिंबाची फोड फुल फ्रेमवर ठेवली.

अशा रीतीने एपीएस-सी ठरला. सोबत 70 ते 350 ची लेन्स घेतली. दीडपट धरली तर पल्ला 525 चा, आणि कॅमेऱ्यासकट वजन अकराशे ग्रॅमच्या आसपास. मान खूश झाली. पण मग मी मेनू उघडला.

आमच्या पहिल्या घराच्या कर्जाची कागदपत्रंसुद्धा एवढी नव्हती. त्यातून व्हिडिओचे कायदे फोटोच्या नेमके उलट. उडत्या पक्ष्याचा पंख गोठवायचा तर शटर सेकंदाच्या दोन हजाराव्या भागाएवढं हवं. तेच सेकंदाला 25 फ्रेमचा व्हिडिओ काढताना पन्नासाव्या भागाएवढं ठेवायचं, नाही तर हालचाल तुटक दिसते. आता भर दुपारी शटर एवढं मंद ठेवलं की सगळं पांढरंफटक होतं, म्हणून लेन्सवर एनडी फिल्टरची काळी काच चढवायची. ती चढवेपर्यंत पक्षी पुढच्या तालुक्यात. त्यात शंभर मेगाबिटचा फोर-के व्हिडिओ तासाला 45 जीबी खातो, हे लेकीच्या लॅपटॉपने प्राण सोडला तेव्हा कळलं. तेव्हा मी धोरण ठरवलं: मेनूला हात लावायचा नाही, कॅमेऱ्यावर विश्वास टाकायचा. तो म्हणे आता स्वतःच डोळा ओळखून फोकस धरतो.

थंडीत आम्ही भिगवणला गेलो. कुंभारगावहून पहाटे होडीत बसलो. उजनीच्या उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचा थवा चोची उलट्या बुडवून चिखल गाळत होता. नावाडी कुजबुजला, "घ्या साहेब, असं रोज नसतंय." कॅमेऱ्याच्या पडद्यावर छोटी चौकट उमटली, कुठे तरी घट्ट चिकटली आणि मी बोट दाबलं ते सोडलंच नाही. मान दुखली नाही, हात थरथरला नाही, सगळं मनासारखं झालं.

घरी येऊन टीव्हीवर लावलं. पुढे नुसते गुलाबी ढग. त्यांच्या मागे, थव्याच्या पलीकडच्या होडीत, माकडटोपी घातलेले एक गृहस्थ, इतके स्पष्ट की टोपीतून निसटलेले पांढरे केस मोजून घ्यावेत. शेकडो फोटो आणि सगळ्यांत तेच. लेकीने कॅमेरा हातात घेतला, दोन बटणं दाबली आणि म्हणाली, "बाबा, ह्यात ओळखायचा प्राणी 'माणूस' ठेवलाय." मग त्यातला एक फोटो तिने समस्त नातेवाइकांना पाठवला, 'बाबांना दिसलेला वन्यजीव' म्हणून.

त्याचं मला काही नाही. पण त्या गृहस्थांच्या छातीशी हुबेहूब माझाच कॅमेरा होता, आणि तो आमच्या होडीकडे रोखलेला होता.